दहा घरांच्या वस्तीचा कवी : लोककवी वामनदादा कर्डक

आपल्या विहाराचा वर्धापनदिन जवळ आला आणि स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्या, असा निरोप कमिटीने आम्हाला धाडला. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर, महात्मा फुल्यांवर लिहिणारे आपल्यात मास्तर लोक आहेत, ते आमच्यापेक्षा चांगले लिहितील. आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. आमचे शिक्षण शाळेत कमी आणि जेवणाच्या सुटीत डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर जास्त झाले. म्हणून आम्ही असा माणूस निवडला की जो कामगार होता, अक्षर उशिरा शिकला आणि ज्याचे गाणे रिठदच्या आपल्या वस्तीत म्हातारीपासून पोट्ट्यांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. लोककवी वामनदादा कर्डक.

दुसरेही एक कारण आहे, ते आधीच सांगून टाकतो. गेल्या वर्षी आपण विहारात काव्यवाचन ठेवले होते. सतरंज्या आठ अंथरल्या. माणसे आली अकरा, त्यातले चार तर कवीच. माईकवाल्याला धरून बारा. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा अशी की, एवढ्यासाठी वर्गणी कायले जमवायची? यापुढे हा कार्यक्रम बंद करा आणि तो पैसा जयंतीच्या डीजेला लावा. कमिटीत या विषयावर अजून निकाल लागलेला नाही. तेव्हा वामनदादांचे चरित्र वाचताना समाजबांधवांनी हा प्रश्नही मनात ठेवावा, एवढी विनंती.

वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातले देशवंडी हे त्यांचे गाव. वडिलांचे नाव तबाजी, आईचे सईबाई. अस्पृश्याच्या घरचे पोर, शाळेशी त्याचा संबंध आला नाही. गावात तमाशा येई, भजन होई, बाया पहाटे जात्यावर ओव्या म्हणत. ज्याच्या हाती पाटी आली नाही त्याची शाळा हीच. पुढे हजारो गाणी ज्या माणसाने रचली, त्याने मात्रा मोजायचे पुस्तक लहानपणी पाहिलेही नव्हते, पण ताल कानात बसलेला होता.

लहान वयातच लग्न झाले. पत्नीचे नाव अनुसया. एक मुलगी झाली, मीरा. तो संसार टिकला नाही. पत्नी सोडून गेली आणि पुढे लेकही दगावली. या दुःखाबद्दल आम्ही जास्त लिहिणार नाही, कारण ज्याला लेक आहे त्याला ते समजते. पुढे शांताबाईंशी दुसरा संसार झाला.

पोटासाठी दादांनी मुंबई गाठली. शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले. मिळेल ते काम केले. गिरणीत केले, कोळशाच्या वखारीत केले, टाटा ऑइल मिलमध्ये केले. शिवडी, परळ, नायगाव हा सारा भाग त्या काळी गिरण्यांच्या भोंग्यांवर उठणारा आणि झोपणारा. एका खोलीत सात-आठ माणसे, प्रत्येकाची पाळी वेगळी, एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपायचे. त्याच भागात बाबासाहेबांच्या सभा होत, समता सैनिक दलाच्या कवायती होत. वामनदादा त्या दलात होते. सिनेमात काम करायचा नादही त्यांना लागला होता, स्टुडिओच्या दाराशी त्यांनी चकरा मारल्या. तिथे काही जमले नाही. आमच्या मते बरेच झाले.

त्याच चाळीतली एक हकिकत सगळीकडे सांगितली जाते. गावाकडून आलेले पत्र घेऊन एक माणूस त्यांच्याकडे आला आणि तेवढे वाचून दाखवा म्हणाला. अंगापिंडाने धड, कपड्याने नीटनेटका असा तरुण, याला वाचता येत असेलच, असे त्याला वाटले असणार. दादांना एक अक्षर येत नव्हते. त्या दिवशी त्यांना रडू कोसळले. आमच्या पिढीतल्या पुष्कळ माणसांनी ही लाज चाखलेली आहे. बँकेत पैसे काढायचा कागद दुसऱ्याकडून भरून घ्यायचा आणि चष्मा घरी राहिला म्हणून सांगायचे. दादांनी चष्म्याची सबब सांगितली नाही. देहलवी नावाच्या मास्तरांकडून त्यांनी बाराखडी गिरवून घेतली आणि रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्या अक्षर अक्षर जोडून वाचायला लागले. विशीतला माणूस. पोरे मॅट्रिक होऊन नोकरीला लागतात त्या वयात हा अ-आ-ई करत होता.

आणि ३ मे १९४३ रोजी त्यांनी पहिले गाणे लिहिले. एका हिंदी सिनेमातल्या गाण्याचे विडंबन होते ते. गमतीचे गाणे. महाकवीची सुरुवात अशी गमतीने झाली हे आम्हाला फार आवडते. चाळीत गाणे रचणाऱ्याचे पहिले श्रोते म्हणजे शेजारच्या खोलीतली माणसे. तिथे टाळी पडली तर खाली पटांगणात, तिथे जमले तर दुसऱ्या चाळीत. ही पायरी कुणालाच चुकलेली नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. बाबासाहेबांनी कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा भाषणांच्या तोडीचे म्हटले होते, असे आपल्याकडे प्रत्येक जयंतीत सांगतात आणि ते वामनदादांच्या नावावर टाकतात. ती गोष्ट शाहीर भीमराव कर्डकांची सांगितली जाते. आडनाव एक, जिल्हाही एकच नाशिक, त्यामुळे घोटाळा होतो. भीमरावांचा जन्म १९०४ चा, गाव कसबे सुकेणे. १९३१ च्या सुमारास त्यांनी जलशाचा फड उभा केला. तमाशाचाच बाज, पण त्यातली गवळण आणि कृष्ण काढून टाकून त्या जागी मंदिरप्रवेश, शिक्षण, अंधश्रद्धा हे विषय आणले. वामनदादा त्यांच्यानंतरच्या पिढीचे. भीमरावांच्या जलशाला नट लागत, नाट्य लागे, जागा लागे. वामनदादांच्या गायनाला एक पेटी, एक ढोलकी आणि मागे झील धरायला दोन माणसे पुरत. खर्च कमी म्हणून ते लहान वस्तीला परवडत होते. हा फरक छोटा दिसतो, पण गायन पार्टी आपल्या वस्त्यांपर्यंत पोचली ती याच हिशोबामुळे.

तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्या पोरांसाठी थोडे सविस्तर लिहितो. १४ एप्रिलची जयंती कधीच एका दिवसात उरकत नसे. एक पार्टी एका रात्री एकाच गावात गाऊ शकते. मग गावांनी तारखा वाटून घ्यायच्या. आज या गावची जयंती, परवा त्या गावची, असे करत करत मृगाचा पाऊस येईपर्यंत जयंत्या चालत. सुगी झालेली असे, पेरणीला अवकाश असे, मजुरांच्या हाती चार दिवस मोकळे असत. एसटी फाट्यावर सोडून जाई. तिथून बैलगाडी आली तर आली, नाहीतर पेटी डोक्यावर आणि ढोलकी खांद्यावर. वस्ती असायची वीस-पंचवीस घरांची, कुठे तर दहाच. वर्गणी धान्यात सुद्धा गोळा होई, पायली-अर्धी पायली ज्वारी घरामागे. दोन बैलगाड्या जोडून वर फळ्या टाकल्या की स्टेज झाले. गॅसबत्ती लावायची. तीही मधेच भकभक करायला लागे आणि कुणीतरी उठून तिला पंप मारी.

कार्यक्रम दहाशिवाय सुरू होत नसे, कारण बायामाणसांचे जेवणखाण, भांडी आणि लेकरे झोपवणे तोवर चाले. आधी वंदना, मग गाणे. मधेच कुणी पाच रुपये बक्षीस देई, त्याचे नाव भोंग्यातून पुकारले जाई, आणि मग त्याचा भाऊबंद दहा देई. त्यात अर्धा तास जाई. बारा-एक वाजेपर्यंत लेकरे आडवी झालेली, पहाटे रोजगार हमीच्या कामावर जायचे म्हणून गडी उठून गेलेले. समोर उरत दहा-बारा जण. आम्ही लहानपणी अशा किती रात्री पाहिल्या त्याला गणती नाही, आणि आमचे म्हणणे असे आहे की गाण्याचे खरे काम तेव्हाच सुरू होई. गर्दी असते तोवर गायकाला गर्दी सांभाळावी लागते. दहा जण उरले की फर्माईश होते, कडवे पुन्हा म्हणायला लावतात, शब्द विचारून घेतात. कंदिलाजवळ सरकून एखादा पोट्टा वहीत उतरवून घेतो.

अशाच वस्त्यांमधून वामनदादा आयुष्यभर फिरले. नाशिक, मुंबई, मराठवाडा, विदर्भ. नोकरीला चिकटून राहिले नाहीत. बिदागीवर आणि कार्यकर्त्यांच्या घरच्या भाकरीवर त्यांचे दिवस गेले. आपल्या विदर्भातही नागोराव पाटणकर, राजानंद गडपायले यांच्यासारखी मंडळी याच वाटेने चालली, त्यांच्यावर कुणीतरी वेगळे लिहावे.

आता वामनदादांची गाणी टिकली कशी, हे कामगाराच्या डोक्याने पाहू. आम्ही यंत्रावरची माणसे, आम्हाला वस्तू कशी चालते ते उघडून बघायची सवय. पहिली गोष्ट चाल. चाल बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या कानावरून आधी गेलेली असते, लोकगीताची किंवा सिनेमाची. त्यामुळे ऐकणाऱ्याला फक्त शब्दच शिकावे लागतात. दुसरी गोष्ट ध्रुवपद. ते दर कडव्यानंतर परत येते, म्हणजे चार कडव्यांच्या गाण्यात ज्याला वाचता येत नाही त्यालाही ते पाठ होऊन जाते. तिसरी गोष्ट शब्द. शेतातले, चुलीजवळचे, मजुरीचे. अवघड विचार आणि सोपा शब्द, हे जमवायला फार मेहनत लागते. आमच्यासारख्याला चार ओळींचे पत्रक लिहितानाही घाम फुटतो. चौथी गोष्ट सर्वात हुशारीची. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते आपले नाव गुंफत, वामन. तुकोबांनी तुका म्हणे लावले तसे. वही हरवली, छापलेले पुस्तक फाटले, कॅसेटवर गायकाचे नाव मोठे आणि कवीचे बारीक छापले, किंवा छापलेच नाही, तरी गाणारा शेवटी वामन हे नाव घेतल्याशिवाय गाणे संपवू शकत नाही. कागदपत्र ज्याच्याकडे नाही त्याने आपला सातबारा असा गाण्यातच लिहून ठेवला.

म्हणजे दहा जणांच्या पुढे म्हटलेले गाणे दहा जणांपुरते राहत नसे. त्यातली एक लेक सासरी जाई आणि गाणे घेऊन जाई. एक पोरगा ऊसतोडीला जाई, एक मुंबईला, एक वीटभट्टीवर. आमच्या आईला अक्षर येत नव्हते, पण निंदणाच्या वेळी तिच्या पाथीच्या बायांनी वामनदादांची गाणी तिच्याकडून शिकून घेतली. त्यातल्या काही बाया दुसऱ्या समाजाच्या होत्या. त्यांनी कधी जयंतीच्या मांडवात पाऊल टाकले नसते. सांगा आता, त्या रात्रीच्या कार्यक्रमाला माणसे किती होती म्हणून धरायचे?

तथागतांनी सारनाथला पहिले प्रवचन दिले तेव्हा समोर पाच जण होते. कौंडिण्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी. आपण दर आषाढी पौर्णिमेला त्याचीच आठवण काढतो. त्यातले पहिल्या दिवशी समजले एकट्या कौंडिण्याला, असे ग्रंथात आहे. त्या पाचांच्या जागी आपली कमिटी असती तर कार्यक्रम रद्द झाला असता, असे आम्ही बैठकीत बोललो आणि काही जणांना राग आला. राग धरू नये, चेष्टेत बोललो होतो. निम्मे चेष्टेत.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो लोकांनी दीक्षा घेतली आणि दोन महिने व्हायच्या आत, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. विचार करा, धम्म घेतला पण समजावून सांगणारा बाप राहिला नाही. खेड्यात भिक्खू नाहीत, ग्रंथ वाचणारे नाहीत, घरातले देव तर नदीत सोडून झाले. आता सणाला काय करायचे, लग्न कसे लावायचे, मेलेल्याचे काय करायचे? बावीस प्रतिज्ञा कागदावर होत्या, पण कागद वाचणार कोण? ही पोकळी गायन पार्ट्यांनी भरून काढली. बुद्ध कोण, भीमराव कोण, पंचशील म्हणजे काय, हे आपल्या आया-आज्यांना समजले ते गाण्यातून. वामनदादांचा यात वाटा फार मोठा. ज्याला स्वतःला विशीपर्यंत वाचता येत नव्हते, त्याने न वाचणाऱ्यांसाठी धम्म गाण्यात घातला.

३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे पडायला लागले. वामनदादांनी गटबाजीवर कोरडे ओढले. एका गटाच्या स्टेजवर बसून त्याच गटाच्या पुढाऱ्याला टोचेल असे गाणे म्हणायला छाती लागते, कारण बिदागी त्याच्याच खिशातून यायची असते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. जमीन, मजुरी, भाकरी हे विषय दादांच्या गाण्यात त्याच मातीतून आले. बाईच्या दुःखावर त्यांनी लिहिले, गझला लिहिल्या, हिंदीतही रचना केल्या.

मग नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या लोकांची घरे जळाली. आपल्या रिसोड तालुक्याला मराठवाड्याची हद्द लागूनच आहे, तिकडचे सोयरे इकडे आसऱ्याला आले हे जुन्या माणसांना आठवत असेल. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे गेली. त्या काळात एखाद्या लहान गावात, दहा घरांच्या वस्तीत, रात्री भोंगा लावून भीमगीत म्हणायचे आणि ऐकायला बसायचे, हेच मुळात धाडसाचे काम होते. अशा वेळी आलेला एक माणूस शंभरासारखा असतो. गाणाऱ्यालाही ते कळते आणि ऐकणाऱ्यालाही.

छापील पुस्तक दादांच्या नावावर उशिरा आले. वाटचाल हा संग्रह १९७३ ला निघाला तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले होते. त्यानंतर १९७६ ला मोहळ आणि १९७७ ला हे गीत वामनाचे. माझ्या जीवनाचं गाणं हे आत्मचरित्र १९९६ चे. म्हणजे तीस वर्षे हा माणूस पुस्तकाशिवाय कवी होता. शहरातल्या साहित्याच्या दरबारात त्यांना कवी म्हणायला पुष्कळांची जीभ अडखळली, गीतकार म्हणून बाजूला बसवले. त्या मंडळींच्या संग्रहांच्या किती प्रती खपतात आणि किती कपाटात राहतात, यावर आम्ही बोलत नाही. वर्ध्याला १९९३ साली पहिले अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्षपद मात्र आपल्या लोकांनी वामनदादांना दिले.

१५ मे २००४ रोजी नाशिकला वामनदादांनी शेवटचा श्वास घेतला. एक्याऐंशी वर्षांचे आयुष्य. मे महिना होता, जयंत्यांचा हंगाम चालू होता. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने, २३ जूनला गायक प्रल्हाद शिंदेही गेले. एकाच उन्हाळ्यात आपल्या गाण्याची दोन घरे रिकामी झाली. २०२२ साली दादांची जन्मशताब्दी झाली.

आपल्या वस्तीत हाताने उतरवलेल्या गाण्यांच्या वह्या अजून चार-पाच घरांत आहेत. त्यातली एक आम्ही पाहिली. पुठ्ठा नाही, पहिली पाने उंदरांनी खाल्लेली, शाई फिकी, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. कुणाचे गाणे ते वर कुठेच लिहिलेले नाही, फक्त शेवटच्या कडव्यात वामन आहे. ज्यांच्याकडे अशा वह्या असतील त्यांनी वर्षावास सुरू व्हायच्या आत त्या विहारात आणून द्याव्यात. रविवारच्या वंदनेनंतर आम्ही आणि तीन-चार पोरे बसून त्या उतरवून घेऊ, एकेक गाणे म्हणून चाल पक्की करू, आणि वही ज्याची त्याला परत करू. ऐकायला यायचे त्यांनी यावे. सतरंज्या दोनच टाकणार आहोत.